सावित्रीबाईंचे घर

दरवर्षी ३ जानेवारी जवळ आली की शाळेत एक ठरलेले नाटुकले बसवले जाते. एक मुलगी नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून, हातात पाटी घेऊन रंगमंचावरून चालत जाते आणि दोन मुलगे तिच्या अंगावर वर्तमानपत्राचे बोळे फेकतात. हे बोळे म्हणजे शेण. ती मुलगी थांबत नाही, पुढे जाते, आणि टाळ्या पडतात. सातवीत असताना ती मुलगी मी होते. टाळ्या मलाही मिळाल्या. पण कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांना चहा देण्याची वेळ आली तेव्हा नऊवारी न सोडताच चहाचा ट्रे माझ्या हाती आला आणि शेण फेकणारे दोघे मैदानात खेळायला गेले. त्या वेळी मला त्यात वावगे काही वाटले नाही. महाविद्यालयात आल्यावर सावित्रीबाईंविषयी थोडे वाचन झाले तेव्हा तो ट्रे मला पुन्हा आठवला.

आपण सावित्रीबाईंना घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावरच ओळखतो. शेण, चिखल, दगड आणि पिशवीतले जादा लुगडे, एवढीच गोष्ट आपल्याला पाठ असते. पण ज्या घरातून त्या निघत आणि ज्या घरी परत येत, त्या घरात काय चालत असे? चूल कोण पेटवीत असे? आजारी पडल्यावर शाळा कोण सांभाळीत असे? आणि अखेरीस साथ आली तेव्हा त्या घरातून बाहेर का पडल्या? या लेखात मी सावित्रीबाईंचे चरित्र याच बाजूने सांगण्याचा प्रयत्न करणार आहे. मी इतिहासाची अभ्यासक नाही, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे काही ठिकाणी माझे घर मध्ये येईल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली जोतीरावांशी त्यांचे लग्न झाले. त्या नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. त्या काळाच्या रीतीने यात नवल नव्हते. नवल पुढे झाले. जोतीरावांनी बायकोला शिकवायला घेतले. घरात जोतीरावांची आई नव्हती, ती त्यांच्या लहानपणीच वारली होती. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना मायेने वाढवले होते आणि त्या स्वतः शिक्षणाच्या बाजूच्या होत्या. हे मी आईला सांगितले तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली की सासू नव्हती म्हणून निम्मे काम सोपे झाले असेल. चरित्रकारांनी हा मुद्दा कुठे मांडलेला माझ्या वाचनात नाही, पण मला तो अगदीच टाकाऊ वाटत नाही.

पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या जोतीरावांच्या मित्रांनीही त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली आणि अध्यापनाचे रीतसर धडेही त्यांना मिळाले. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. पटावर मुली सहा. तो भिडे वाडा आज उभा नाही. जीर्ण झालेली ती वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली.

शाळा सुरू झाली आणि घर गेले. जातीच्या लोकांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सासरे गोविंदराव यांच्यावर दबाव आणला. शाळा सोडा नाहीतर घर सोडा, असा प्रश्न १८४९ साली त्यांनी मुलासुनेपुढे ठेवला. दोघांनी घर सोडले. उस्मान शेख यांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला. नोकरी आणि घर यांत निवड करा असे बाईला आजही सांगितले जाते, परंतु बहुतेक वेळी ते तिला एकटीला सांगितले जाते. येथे नवराही तिच्याबरोबर उंबऱ्याबाहेर पडला. सावित्रीबाईंच्या आयुष्यातील ही गोष्ट मला शेणाच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

१८५१ पर्यंत पुण्यात मुलींच्या तीन शाळा झाल्या आणि मुलींची संख्या दीडशेच्या घरात गेली. महार, मांग इत्यादी जातींच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला. शाल जोतीरावांच्या खांद्यावर पडली. रोज वर्गात उभे राहून मुलींना शिकविण्याचे काम त्यांच्या पत्नीचेही होते. १८५४ साली सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीचा, आपल्या समाजाच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. तेवीस-चोवीस वर्षांची बाई शिकवते, लिहिते, आणि तिची विद्यार्थिनीही लिहिते. आजच्या भाषेत ज्याला आपण प्राध्यापिकेचे जीवन म्हणू, ते हेच नव्हे काय?

आता १८५६ सालाकडे येऊ. डॉ. मा. गो. माळी यांनी सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय संपादित केले आहे. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे, माहेराहून लिहिलेले. त्या आजारी होत्या आणि विश्रांतीसाठी माहेरी आल्या होत्या. भावाने उशाशी बसून त्यांची सेवा केली. तोच भाऊ पुढे बहिणीला आणि मेहुण्याला बोल लावू लागला. महारामांगांना शिकवण्याचे नसते उद्योग करून तुम्ही कुळाला बट्टा लावला, जातीने वाळीत टाकले, असा त्याचा सूर. सावित्रीबाईंनी आजारपणातून उठल्या उठल्या त्याची समजूत घातली. कुत्र्यामांजरांना कुरवाळणारे, नागपंचमीला नागाला दूध पाजणारे आपण माणसाला मात्र दूर लोटतो, हे त्यांनी त्याला दाखवून दिले. आईने लेकीची बाजू घेतली आणि भावालाही शेवटी पश्चात्ताप झाला. हा सगळा प्रसंग पत्रात आहे आणि तो बहुतेक लेखांत उद्धृतही होतो.

परंतु त्याच पत्रातल्या एका लहानशा गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. पूर्ण बरे वाटताच आपण पुण्याला परत येऊ, काळजी करू नये, असे कळवताना सावित्रीबाई फातिमाला त्रास होत असेल याची आठवण करतात. आपण येथे पडून आहोत आणि तिकडे आपल्या वाटचे काम दुसरी बाई ओढत आहे, ही ती जाणीव. फातिमा कुरकुर करणार नाही, असा विश्वासही त्या व्यक्त करतात. रजा घेतलेल्या बाईची ही काळजी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पुरुष आजारी पडला तर तो आजारी असतो. बाई आजारी पडली तर आजाराबरोबर तिला आणखी एक ओझे असते, की माझे काम कुणाच्या अंगावर पडले असेल. आणि ते पडते बहुधा दुसऱ्या बाईच्याच अंगावर.

सावित्रीबाईंना स्वतःचे मूल झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा घरच्यांचा आग्रह होता आणि जोतीरावांनी तो धुडकावला, असे सांगतात. पण त्यांच्या घरात मुले नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. १८६३ साली त्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवा ब्राह्मण बाईला दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा असत, स्वतःचा जीव देणे किंवा पोराचा जीव घेणे. अशा बायकांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे, अशी ही सोय. जोतीरावांनी सरकारला कळविल्याप्रमाणे १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. या पस्तीस बाळंतपणांचा हिशेब मी मनाशी करून पाहिला. माझ्या चुलतीचे एक बाळंतपण आमच्या घरात झाले तेव्हा सव्वा महिना घर कसे गरगरत होते ते मला आठवते. गरम पाणी, शेक, बाळुती, डिंक, रात्रीची जागरणे. पस्तीस वेळा हे सर्व करायचे, आणि तेही ज्या बाईला जगाने तोंड दाखवू नको म्हटले आहे तिचे. हे काम समाजसुधारणेच्या इतिहासात एका ओळीत येते.

त्यांपैकीच एका काशीबाई नावाच्या विधवेचा १८७४ साली जन्मलेला मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत.

घरात विद्यार्थीही राहत. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या गरीब मुलांचे ते वसतिगृहच होते. तेथे राहिलेल्या आणि घरी येजा असलेल्या लोकांनी पुढे आठवणी लिहून ठेवल्या आहेत. महादू सहादू वाघोले यांच्या आठवणींवरून या घराचे जे चित्र उभे राहते ते असे. सावित्रीबाईंचे घर नेहमी स्वच्छ असे, बैठकीत धूळ त्यांना खपत नसे, भांडी लखलखीत आणि जागच्या जागी लावलेली असत. स्वयंपाक त्या स्वतः करीत. जोतीरावांच्या प्रकृतीची आणि जेवणखाणाची त्यांना फार काळजी असे. गोरगरीब बाई दारात आली की त्या तिला लुगडे देऊन टाकीत आणि त्यामुळे खर्च वाढे. जोतीराव त्यांना अहोजाहो करीत आणि त्या जोतीरावांना शेटजी म्हणत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मिळाले. चूल सावित्रीबाईच पेटवीत. हे वाचून मी थोडी खट्टू झाले हे कबूल करते. ज्या घरात नवरा बायकोला अहोजाहो करतो, जेथे दुसऱ्या लग्नाची बात धुडकावली जाते, जेथे दोघे मिळून शाळा चालवतात, त्याही घरात भाकरीचे पीठ तिनेच मळले. माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की १८६० साली याहून वेगळे मागणे हा आपला अन्याय आहे. असेल. पण जोतीरावांनी त्यांच्या काळात ज्या ज्या गोष्टी मागितल्या त्यांतली कुठली त्या काळाला मानवणारी होती? मला वाटते, स्वयंपाकघर हे इतके जवळ होते की दोघांपैकी कुणालाच ते दिसले नाही. जोतीरावांचा मोठेपणा याने कमी होत नाही. फक्त सावित्रीबाईंचा दिवस किती लांब होता हे आपल्याला नीट कळते.

१८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर लगेच १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला. दुष्काळ म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातल्या वाचकांना मी सांगायला नको. या वेळी सावित्रीबाई घरी बसल्या नाहीत. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे पत्र जुन्नर तालुक्यातील ओतूरहून लिहिलेले आहे. माणसे गाव सोडून चालली आहेत, जनावरे तडफडून मरत आहेत, सावकार अशा वेळीही लुबाडत आहेत, कार्यकर्त्यांना पकडून नेले आणि कलेक्टरला भेटून आपण त्यांची सुटका करवली, असा सर्व वृत्तांत त्या नवऱ्याला कळवतात. शेवटी, तुमच्या कामात माझी साथ राहील, अशा आशयाचा धीर देतात. १८५६ चे पत्र माहेरच्या अंथरुणावरून आलेले, तर हे कामाच्या गावाहून आलेले. एकवीस वर्षांत पत्र लिहिणारी बाई केवढी पुढे गेली आहे! आता घरी जोतीराव आहेत आणि दौऱ्यावर सावित्रीबाई आहेत.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले हे आपण कौतुकाने सांगतो, आणि ते कौतुकाचे आहेच. पण उजवा हात गेलेल्या माणसाला कोण भरवते, कोण कूस बदलून देते, हे सांगायचे आपल्याला सुचत नाही. दोन वर्षे ही शुश्रूषा चालली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, कारण यशवंत दत्तक होता. तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या आणि टिटवे हातात घेऊन प्रेतयात्रेच्या पुढे चालू लागल्या. बाईने टिटवे धरल्याचे आमच्या भागात आजही एखादे उदाहरण घडले तर त्याची बातमी होते. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

यशवंतच्या लग्नाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. विधवेचा मुलगा म्हणून त्याला कोणी मुलगी देईना. ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न झाले. त्याआधीच सावित्रीबाईंनी राधाला आपल्या घरी आणून ठेवले होते, दोघांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून आणि तिला शिकता यावे म्हणून. होणाऱ्या सुनेला आधी वहीपाटी देणारी सासू! माझ्यासाठी स्थळे येतात तेव्हा मुलगी किती शिकली हे विचारतात, पुढे शिकवू असेही म्हणतात. शिकताना भाकरी कोण करील याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ही राधा मार्च १८९५ मध्ये वारली. घरातली शिकती सून गेली.

त्यानंतर दीड वर्षाने प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पाहता पाहता तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला, तोच कायदा २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा लावण्यात आला. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, पण ती गावोगाव पोचायची होती. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे मात्र १८९८ मध्ये पुढे आले आणि सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये प्लेगच्या रोग्याला हात लावणारा माणूस कशापासून जपावे हे न कळताच हात लावीत होता. लोक घरे सोडून पळत होते.

सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. नवरा गेलेला, सून गेलेली, पैशाची ओढाताण. या वयात त्यांनी दार लावून घेतले असते तर कोणीही नावे ठेवली नसती. त्यांनी यशवंतला बोलावून घेतले. यशवंत डॉक्टर झाला होता आणि लष्करात नोकरीला होता. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, गावापासून दूर मोकळ्या हवेत, त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उभा केला. जागा सुनेच्या माहेरची, डॉक्टर पोटच्यासारखा मुलगा आणि रोगी आणणारी स्वतः आई.

येथे एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आया मुलांना साथीपासून लांब ठेवतात. २०२० मध्ये माझी आजी मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. सावित्रीबाईंनी मात्र एकुलत्या एक मुलाला साथीत बोलावले. ज्याला जन्मताच जगाने नको म्हटले होते, ज्याला त्यांनी स्वतः वाढवून डॉक्टर केले होते, त्यालाच. पत्र लिहिताना त्यांचा हात थांबला असेल का? चरित्रांत याचे उत्तर नाही.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन कोसभर तरी वाट चालत दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊच्या सुमारास त्यांचा मृत्यू झाला. त्याच मार्च महिन्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर पुण्यात घरोघर शिरून तपासणी करू लागले आणि बायकांच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला. जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली. इतिहासाच्या पुस्तकात १८९७ चा प्लेग म्हणजे रँड आणि चापेकर. हडपसरच्या माळावरचा दवाखाना त्यात क्वचितच दिसतो.

आमच्या साथीविषयी थोडे लिहिते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी आठवीत होते. आईवडील ऊसतोडीला गेलेले. टोळीतल्या सगळ्यांबरोबर तेही कारखान्यावर अडकून पडले. एप्रिलमध्ये सोडले तेव्हा गावाबाहेर शेतात चौदा दिवस राहिले. मी आजीच्या हाताखाली घर पाहत होते आणि घरातला एकुलता एक मोबाईल धाकट्या भावाच्या अभ्यासाला होता. तो झोपला की मला मिळे. आमच्या बाई धडे आवाजात भरून पाठवीत. त्या आवाजाच्या पाठीमागे कुकरची शिटी ऐकू येई, लहान मूल रडे, आणि बाई एक वाक्य अर्धे सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. आम्ही मुली ते ऐकून हसत असू. त्याच बाई दुपारी डोक्याला ओढणी आणि तोंडाला मास्क बांधून घरोघर सर्वेक्षणाला येत. रस्त्यावरची हॉटेले बंद, मांजरसुंब्याच्या चौकात एरवी रात्रंदिवस ट्रकची रांग, ती थांबलेली, आणि त्या रिकाम्या चौकातून बाई वही घेऊन चाललेल्या. भिंतीमागून लोक आमच्याकडे कोणी आजारी नाही म्हणून ओरडत, दार उघडत नसत. अंगावर शेण कोणी फेकले नाही एवढेच.

आमच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापिकांनी तासाला बोलता बोलता सांगितले की त्या साथीच्या दोन वर्षांत त्यांचा प्रबंध एक पानही पुढे सरकला नाही. घरात सासूसासरे आजारी, दोन मुलांच्या शाळा घरात, स्वतःचे तास घरात. यजमानही प्राध्यापकच आहेत. त्यांचे दोन शोधनिबंध त्याच काळात छापून आले. हे सांगताना बाई हसल्या आणि फळ्याकडे वळल्या. पुढे मी वाचले की २०२० मध्ये देशोदेशींच्या विद्वत्तापूर्ण नियतकालिकांच्या संपादकांना हेच दिसून आले होते. पुरुषांकडून लेख येतच राहिले आणि त्या मानाने स्त्रियांकडून येणारे कमी झाले. जगातल्या सर्व बायका एकाच वेळी आळशी झाल्या असे तर म्हणता येणार नाही.

म्हणून सावित्रीबाईंचे नाव घेऊन जेव्हा कोणी मुलींना सांगतो की बघा, घर सांभाळूनही त्यांनी एवढे केले, तेव्हा मला ते पटत नाही. घर सांभाळून हा शब्द फार सोपा आहे. त्यांच्याजवळ अहोजाहो करणारा नवरा होता, आजारपणात शाळा ओढणारी फातिमा होती, ऐन वेळी लेकीची बाजू घेणारी आई होती, जमीन देणारे व्याही होते, बोलावताच येणारा मुलगा होता. एवढे असूनही दिवस पुरत नव्हता. आणि ज्या मुलींना हे सांगायचे त्यांच्याजवळ यांपैकी काय आहे, हे कोणी विचारत नाही. माझी आई कोयत्यावर जाते तेव्हा पहाटे तीनला उठून कोपीत स्वयंपाक करते आणि मग वडिलांबरोबर फडात जाते. नवराबायको मिळून एक कोयता. ऊस दोघे तोडतात, चूल मात्र एकटीची. परवा सुटीत वडिलांनी स्वतः पाण्याचे दोन हंडे भरले, तर शेजारच्या काकू हसल्या. वडील थोडे ओशाळले, पण तिसराही भरला.

सावित्रीबाईंच्या मागे त्या घराचे काय झाले ते सांगून थांबते. यशवंतचे दुसरे लग्न झाले होते, पत्नीचे नाव चंद्रभागा. पुढे काही वर्षांनी यशवंतही प्लेगनेच गेले. चंद्रभागाबाईंच्या पदरी लहान मुलगी होती आणि मिळकतीचे साधन नव्हते. त्यांनी एकेक वस्तू विकून दिवस काढले आणि शेवटी गंज पेठेतले ते घरही विकावे लागले. त्यांचे अखेरचे दिवस धर्मशाळेत गेले. ते घर आता समताभूमी म्हणून जतन केलेले आहे. पुढच्या सहलीला पुण्याला जायचे ठरले तर मला तेथले स्वयंपाकघर पाहायचे आहे.